इंजिन बसलं तर पैसे कोणाचे? रिकॉल, वॉरंटी आणि न उघडलेलं इंजिन

प्रश्न थोडक्यात असा. टर्बो पेट्रोल गाडी, साडेतीन वर्षं जुनी, ५८,००० किलोमीटर झालेली, एक्स्टेंडेड वॉरंटी चालू. इंजिनच्या खालच्या बाजूने ठोके येऊ लागले, ऑईलचा लाल दिवा लागला, गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे सांगितलं की मधली एक सर्व्हिस तीन हजार किलोमीटर उशिरा झाली आहे, त्यामुळे वॉरंटी बसत नाही. हाफ इंजिन, म्हणजे इंजिनचा खालचा अर्धा भाग, बदलावं लागेल आणि खर्च मालकाचा. यावर बाकीच्या मालकांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, अमेरिकेत अशाच बिघाडासाठी लाखो गाड्या रिकॉल झाल्या, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्त करायला परत बोलावल्या, मग इथे कंपनी हात कशी झटकते? दुसरा म्हणतो, ऑईल वेळेवर बदललं नाही तर कंपनीने काय करायचं?

इंजिन का गेलं हे ठरलंय असं दोन्ही तट धरून चाललेत. ते ठरलेलं नाही, कारण इंजिन अजून उघडलेलंच नाही. ते कसं उघडलं जातं यावर पुढचा सगळा वाद उभा राहतो किंवा पडतो, म्हणून कायद्याकडे नंतर येऊ.

आधी एक ईमेल पाठवा: सर्व्हिस मॅनेजरला, आणि प्रत कंपनीच्या कस्टमर केअरला. मजकूर साधा. माझ्या किंवा माझ्या माणसाच्या हजेरीशिवाय इंजिन उतरवू नये, सम्प (तळाचं ऑईलचं भांडं) काढू नये, ऑईल टाकून देऊ नये. काढलेला कुठलाही भाग माझ्या लेखी परवानगीशिवाय हलवू नये. वॉरंटीत बदललेले भाग बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार कंपनीचे होतात, पण वॉरंटी नाकारली असेल तर भाग तुमचेच. फोनवरचं बोलणं पुढे कुणी मान्य करत नाही. जॉब कार्डही नीट वाचून मगच सही करा. ‘इंजिनला आवाज’ एवढंच लिहिलेलं जॉब कार्ड काही कामाचं नाही. ‘इंजिन गरम असताना खालून ठोका, रेस वाढवली की ठोका वाढतो, त्यानंतर ऑईलचा दिवा लागला, दिवा लागताच गाडी बंद केली’ असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या. शेवटचा भाग खरा असेल तरच लिहा, कारण ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) त्याची नोंद सापडू शकते.

आवाज ऐकवण्यासाठी इंजिन पुन्हा पुन्हा सुरू करू देऊ नका. बेअरिंग, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याला (क्रँकशाफ्टला) आधार देणारी वाटी, एकदा फाटलं की त्याचा चुरा ऑईलबरोबर सगळीकडे फिरतो, आणि दहा वेळा सुरू केलेल्या इंजिनात सुरुवात कुठून झाली हे ओळखता येत नाही. पुरावा असा पुसला जातो आणि त्यात कुणाचा डाव असेलच असं नाही. तीन वेगवेगळ्या लोकांनी येऊन ‘जरा स्टार्ट कर’ म्हटलं तरी पुरतं.

उघडण्याआधी डिपस्टिकवरची ऑईलची पातळी बघून तिचा फोटो काढा, ओडोमीटरसकट. मग ऑईल मोजमापाच्या भांड्यात काढा आणि किती निघालं ते जॉब कार्डावर लिहून घ्या. सम्पची क्षमता ओनर्स मॅन्युअलमध्ये दिलेली असते. लहान पेट्रोल इंजिनांत ती साधारण साडेतीन ते चार लिटर असते. ३.७ लिटरच्या सम्पमधून ३.४ लिटर निघालं तर ‘ऑईल कमी होतं’ हे म्हणणं तिथेच संपतं. धार मध्यावर आली की त्यातूनच दोन स्वच्छ बाटल्यांत शंभर-शंभर मिलीलिटर नमुना घ्या. दोन्हींवर तारीख, गाडीचा नंबर आणि दोघांच्या सह्या असलेली चिकटपट्टी लावा, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. बॅटरी काढण्यापूर्वी स्कॅनरवरचे सगळे फॉल्ट कोड, फ्रीझ फ्रेमसकट (कोड पडला त्या क्षणाची नोंद), छापून घ्या. जुना ऑईल फिल्टर मागून घ्या. तो हॅक्सॉने कापू नका, करवतीचाच कीस आत जातो आणि पुराव्याचा विचका होतो. फिल्टर कटरने कापा. घड्या उलगडून चमकणारे कण लोहचुंबकाला चिकटतात का बघा. चिकटले तर लोखंड किंवा पोलाद. चिकटले नाहीत तर ॲल्युमिनियम, तांबं, कथील, म्हणजे बहुधा बेअरिंगचा वरचा थर.

ऑईलच्या लॅब तपासणीत लोखंड, तांबं, शिसं, कथील, ॲल्युमिनियम हे झिजेचे धातू मोजतात, पण तुमच्या वादात त्याहून महत्त्वाचे दोन-तीन आकडे वेगळे आहेत. सिलिकॉन जास्त आलं तर धूळ आत गेली असण्याची शंका, म्हणजे एअर फिल्टर किंवा त्याची नळी. सोडियम-पोटॅशियम आलं तर कूलंट मिसळलं. व्हिस्कॉसिटी घसरली आणि इंधनाचा अंश वाढला तर पेट्रोल ऑईलमध्ये उतरतंय. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत छोट्या फेऱ्यांमुळे हे होतं. आणि ऑईल खरोखर ‘संपलेलं’ होतं का, हे त्याची आम्ल शोषण्याची उरलेली क्षमता सांगते. तीन हजार किलोमीटरच्या उशिराचा आरोप खरा की खोटा, ते या आकड्यावरून बरंच कळतं.

आता बेअरिंग. ऑईल पंपातून फिल्टरला जातं, तिथून ब्लॉकमधल्या मुख्य वाहिनीत, मग मेन बेअरिंगला, आणि क्रँकशाफ्टच्या आत पाडलेल्या तिरक्या भोकांमधून कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगपर्यंत. बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली फट मिलीमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते, आणि सगळा भार तिथल्या ऑईलच्या थरावर तोललेला असतो. क्रँकची भोकं पाडताना राहिलेला कीस धुवून निघाला नाही, तर तो फिल्टरच्या पुढच्या बाजूला असतो. फिल्टर कितीही चांगला असो, तो त्याला अडवू शकत नाही. कारखान्यातली चूक आणि मालकाचा निष्काळजीपणा यांच्यातला फरक या एका गोष्टीत आहे.

सगळ्या बेअरिंगच्या वाट्या सिलिंडरचा नंबर आणि वरची-खालची असं लिहून ओळीने मांडायला सांगा आणि फोटो घ्या. एक-दोन जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) गोल फिरलेले खोल चरे, वाटीत रुतलेले कण आणि बाकीच्या वाट्या जवळपास नव्यासारख्या, हे चित्र बाहेरून आलेल्या किंवा आत राहिलेल्या कणाचं. सगळ्याच वाट्या सारख्या झिजलेल्या, क्रँक निळसर पडलेला, वरचं कव्हर काढल्यावर काळा चिखल आणि कॅमशाफ्टच्या बैठकाही खरवडलेल्या, हे चित्र ऑईल नसल्याचं किंवा खराब ऑईलवर बराच काळ चालवल्याचं. मात्र एकच बेअरिंग गेलं म्हणजे कारखान्याचा दोष सिद्ध झाला, असं छातीठोक सांगू नका. दाब कमी पडला की पंपापासून लांबचं बेअरिंग आधी जाऊ शकतं, आणि समोरचा तज्ज्ञ हे बोलणारच. म्हणून कॅमशाफ्ट, टर्बोचं बेअरिंग आणि ऑईल पंपाची जाळी यांचेही फोटो हवेत. टर्बो ऑईलच्या बाबतीत फार नाजूक असतो. ऑईल खराब किंवा कमी असताना टर्बोचा शाफ्ट ठणठणीत राहिला, असं क्वचितच होतं.

पावसाळ्यातल्या बिघाडांना दुसरंच कारण चिकटवलं जातं: पाणी. मुंबई-ठाण्यात हे रोजचं आहे, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पाणी सिलिंडरमध्ये गेलं की रॉड वाकतो. कधी गाडी तशीच महिनाभर चालते आणि नंतर रॉड तुटतो. वाकलेल्या रॉडमुळे पिस्टन पूर्ण वर येत नाही, म्हणून त्या सिलिंडरमधली कार्बनची रेषा बाकीच्यांपेक्षा खाली दिसते. एअर फिल्टरच्या कागदावर पाण्याची खूण राहते. या दोन्ही खुणा नसतील आणि तरी ‘हायड्रोलॉक’ म्हणत असतील तर वाकलेला रॉड मोजून दाखवा म्हणावं. खुणा असतील तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. विम्यात इंजिन प्रोटेक्ट (पाण्याने गेलेल्या इंजिनाची भरपाई देणारं जादा कलम) घेतलंय का ते बघा. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट किंवा रीमॅप केलेला (ताकद वाढवायला सॉफ्टवेअर बदललेला) ईसीयू असेल तर कारण-परिणाम जोडून मागा. सीएनजीने व्हाल्व्हच्या बैठका झिजतात, क्रँकच्या तिरक्या भोकात कीस येत नाही. रीमॅपमुळे मात्र बेअरिंगवरचा भार खरोखर वाढतो, तिथे तुमची बाजू लंगडी.

आता अमेरिकेचा दाखला. तो बहुधा ह्युंदाई-कियाच्या थीटा-२ इंजिनाचा, आणि तो पूर्ण माहीत असलेला बरा, कारण अर्धा सांगितला तर उलटतो. सप्टेंबर २०१५ मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत २०११-१२ च्या सुमारे ४.७ लाख सोनाटा रिकॉल केल्या. कारण दिलं ते अलाबामातल्या कारखान्यात क्रँकशाफ्टचं यंत्रकाम होताना राहिलेल्या धातूच्या किसाचं. तो ऑईलची वाट अडवतो, रॉडचं बेअरिंग जातं, चालत्या गाडीचं इंजिन बंद पडतं. २०१७ मध्ये दोन्ही कंपन्यांच्या मिळून आणखी सुमारे १२ लाख गाड्या त्यात आल्या. किम ग्वांग-हो या ह्युंदाईच्याच अभियंत्याने आतली कागदपत्रं अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा यंत्रणेला दिली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून २१ कोटी डॉलरच्या दंडाचा समझोता मान्य केला. ठपका होता रिकॉलला उशीर लावल्याचा आणि यंत्रणेला चुकीची माहिती दिल्याचा. पुढच्या वर्षी किम यांना २.४ कोटी डॉलरहून जास्त बक्षीस मिळालं.

त्यात तुमच्या कामाचं ते पुढे. रिकॉलमध्ये सगळ्यांची इंजिनं बदलली नाहीत. गाड्या तपासल्या, ज्यांच्यात दोष दिसला त्यांचीच बदलली. बाकीच्यांत पुढे एक सॉफ्टवेअर टाकलं, जे नॉक सेन्सरवरून बेअरिंगची थरथर ओळखून आधीच इशारा देतं आणि वेग मर्यादित करतं. इंजिन गेल्यावर पैसे कुणाचे, हा प्रश्न रिकॉलने सुटला नाही. तो मालकांनी कोर्टात लावलेल्या सामूहिक दाव्याच्या समझोत्यात सुटला: शॉर्ट ब्लॉकवर (म्हणजे हाफ इंजिनवर) आजीवन वॉरंटी, अपवाद फक्त टोकाच्या निष्काळजीपणाचा. म्हणजे एखादी सर्व्हिस लांबली एवढ्यावर हात झटकायची सोय त्यात उरली नाही. आणि ‘तिकडे मिळतं, इथे नाही’ ही तक्रार आपल्या आधी खुद्द कोरियातल्या मालकांनी केली होती. तिथे रिकॉल एप्रिल २०१७ मध्ये झाला, सुमारे १.७१ लाख गाड्यांचा.

भारतात रिकॉलला कायद्याचा आधार मिळाला तो २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम ११०-अ मुळे. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्याआधी २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेची ऐच्छिक संहिता होती, तेवढीच. आताच्या नियमात गाडी सात वर्षांच्या आतली हवी, आणि दोष असा हवा की ज्याने रस्त्यावरच्या माणसांना किंवा पर्यावरणाला धोका होतो. सरकारने सक्तीने रिकॉल लावण्यासाठी तक्रारींचा उंबरठा आहे: वर्षाला १०,००० हून जास्त विकल्या जाणाऱ्या मॉडेलसाठी १,२५० तक्रारी, ५०१ ते १०,००० पर्यंत १,०५०. वाहनांच्या प्रकारानुसार आणि संख्येनुसार दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल केला तर हा दंड लागत नाही. इथले रिकॉल जवळपास सगळे ‘ऐच्छिक’ का असतात, त्याचं एक कारण हेच.

म्हणून ‘माझ्यासारखे पन्नास जण आहेत’ एवढं रिकॉलसाठी पुरत नाही. पण पन्नास जणांनी परिवहन मंत्रालयाच्या वाहन रिकॉल पोर्टलवर एकच दोष एकाच शब्दांत नोंदवला तर त्याला वजन येतं. तक्रारीत ‘इंजिन खराब, पैसे मागतात’ लिहू नका. ‘चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं, स्टिअरिंग जड झालं, ब्रेकचा बूस्टर गेला’ असं घडलं असेल तर ते लिहा. कायदा ते वाचतो. नुसतं ऑईल खाणारं इंजिन सुरक्षेच्या व्याख्येत बसवणं अवघड. मात्र जास्तीचं ऑईल जळून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, तो मुद्दा पर्यावरणाच्या बाजूने मांडता येतो. गंमत अशी की इथे इंजिनावरून गाजलेले दोन मोठे रिकॉल प्रदूषणाचेच होते: २०१३ मध्ये जनरल मोटर्सच्या १.१४ लाख टवेरा, आणि डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या ३,२३,७०० डिझेल गाड्या. त्या मालकांच्या गाड्या तोवर व्यवस्थित धावत होत्या.

दोष एखाद्या तुकडीपुरता आणि कारण उघड असेल तेव्हा कंपन्या चपळाई दाखवतात. २१ जून ते २ जुलै २०२१ या काळात महिंद्राच्या नाशिक कारखान्यात बनलेल्या सहाशेहून कमी डिझेल गाड्या कंपनीने स्वतः तपासायला बोलावल्या. कारखान्यात आलेल्या दूषित इंधनामुळे इंजिनाचे भाग लवकर झिजतील अशी शंका होती. तुमची गाडी अशा एखाद्या यादीत आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर १७ अक्षरी चासी नंबर टाकून बघा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. सर्व्हिस ॲडव्हायझरला एक थेट प्रश्नही विचारा: या चासी नंबरवर कुठली सर्व्हिस कॅम्पेन किंवा टेक्निकल बुलेटिन (ठरावीक बिघाडाबद्दल कंपनीने डीलरना दिलेली सूचना) लागू आहे का? अमेरिकेत ही बुलेटिनं सरकारकडे जातात आणि कुणालाही वाचता येतात. इथे विचारल्याशिवाय कळत नाही, विचारूनही नेहमी कळतंच असं नाही, म्हणून प्रश्न ईमेलवर विचारा.

सर्व्हिस उशिरा झाल्याचा मुद्दा. कराराची अट मोडली, हे मान्य करावं लागतं. पण अट मोडल्यामुळेच बिघाड झाला का, हा वेगळा प्रश्न आहे आणि वरचे फोटो, ऑईलचे आकडे तिथे लागतात. सर्व्हिस बाहेरच्या गॅरेजमध्ये केली म्हणून वॉरंटी नाकारत असतील, तर स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश दाखवा. त्यात १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींहून जास्त दंड लावताना आयोगाने म्हटलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. त्यावर पुढे अपिलं झाली, दंडाचे आकडे बदलले, तेव्हा तो रामबाण समजू नका. पण ऑईलचा ग्रेड छापलेली, किलोमीटर लिहिलेली पक्की बिलं जवळ असतील तर हा मुद्दा बळकट होतो. कच्च्या पावतीवर कुणीही उभं करणार नाही.

एवढं करूनही नकार कायम राहिला तर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाची जबाबदारी स्वतंत्र प्रकरणात आहे. कलम ८४ नुसार उत्पादन-दोष, डिझाइन-दोष किंवा ठरलेल्या मोजमापापासून फारकत दाखवली की उत्पादक जबाबदार ठरतो. कलम ८७ मात्र गैरवापर आणि फेरफार करणाऱ्याला वगळतं. तक्रारीची मुदत दोन वर्षं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. गाडीची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात. फी पाच लाखांपर्यंत शून्य, दहापर्यंत २००, वीसपर्यंत ४००, पन्नासपर्यंत १,००० रुपये. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करा. कधीकधी तेवढ्यानेच कंपनीचा विभागीय अधिकारी फोन करतो.

डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा, आणि कुणाची चूक कोणती ते वेगळं लिहा. याचं कारण गोव्यातलं एक प्रकरण. २०११ मध्ये डीलरने २००९ ची इंडिगो नवी म्हणून विकली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्स विरुद्ध अंतोनियो पावलो वाझ या निकालात ठरवलं की डीलरच्या त्या कृत्याची कंपनीला माहिती नव्हती, दोघांतला व्यवहार स्वतंत्र होता, तेव्हा कंपनी जबाबदार नाही. डीलरने ऑईल फिल्टर चुकीचा बसवला असेल तर तो डीलरचा दोष. क्रँकमध्ये कीस राहिला असेल तर कंपनीचा. सरसकट ‘दोघेही जबाबदार’ लिहिलेली तक्रार दोघांच्या वकिलांना सोयीची पडते.

मागणीही मोजून करा. नवी गाडी द्या म्हणणाऱ्यांची प्रकरणं बहुतेकदा तिथेच अडकतात. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा (२००६) या निकालापासून न्यायालयांचा कल असा आहे की भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलून मिळत नाही. इंजिन बदलाचा खर्च, गाडी बंद असतानाचं भाडं, टोइंग, आणि नव्या इंजिनावर स्वतंत्र लेखी वॉरंटी, एवढं मागा. तज्ज्ञ तपासणीसाठी पहिल्याच तारखांना अर्ज करा. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचा यंत्र विभाग सुचवा. तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकचं पत्र कंपनीच्या इंजिनिअरच्या अहवालापुढे टिकत नाही, मग तो मेकॅनिक कितीही हुशार असो.

बरीच प्रकरणं मधेच ‘गुडविल’वर मिटतात: कंपनी भागांचा काही हिस्सा उचलते, मजुरी तुमची. वॉरंटी संपलेल्या गाडीसाठी हा सौदा वाईट नाही. तुमची वॉरंटी चालू आहे, तेव्हा पहिलाच आकडा घेऊ नका. ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही केली की पुढे याच इंजिनाबद्दल रिकॉल निघाला तरी आधी भरलेले पैसे परत मागणं अवघड होतं. तो अपवाद कागदात लिहून घ्या.

ब्लॉक बदलला तर इंजिन नंबर बदलतो. नवीन ब्लॉकचं बिल आणि कंपनीचं पत्र घेऊन आरटीओमध्ये आरसीवर नवा नंबर चढवा, मग विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्या. सर्व्हिस सेंटर ‘नंतर करू’ म्हणतं. नंतर गाडी विकताना किंवा अपघाताच्या दाव्यात सर्व्हेअर नंबर पडताळतो, तेव्हा धावाधाव तुमची होते. डिलिव्हरी घेण्यापूर्वी ब्लॉकवर ठोकलेला नंबर स्वतः वाचून बिलावरच्या नंबराशी जुळवा.